टपावर कॅरिअर लावण्याआधी: कॅम्पिंगच्या सामानाबाबत या चुका टाळा

काजव्यांच्या दिवसांत शुक्रवारी संध्याकाळी भंडारदऱ्याला जायला नाशिकच्या मुंबई नाक्यावरून घोटीकडे निघालं की टपावर ताडपत्री फडफडणारी एखादी तरी गाडी दिसतेच. डिकी लागत नाही, मग टाका टपावर, असा सरळ हिशोब असतो. पण डिकी भरते तेव्हा फक्त जागा संपलेली असते. गाडीची वजन पेलण्याची क्षमता त्याच्या आधीच संपलेली असू शकते. लोखंडी कॅरिअर घ्या, रूफ बॉक्स घ्या नाहीतर कापडी बॅग, मिळते ती जागाच. क्षमता एक किलोनंही वाढत नाही, उलट कॅरिअरच्या स्वतःच्या वजनाइतकी घटते. पुढच्या बहुतेक चुका या एका घोळातून होतात.

वजन न करताच दुकानात जाणं

घरातला वजनकाटा बाहेर काढा. बॅग हातात घेऊन काट्यावर उभं राहा आणि त्यातून आपलं वजन वजा करा. सगळ्या सामानाला अर्धा तास लागतो. मग गाडीचा हिशोब मांडा. भारासह कमाल वजन मॅन्युअलमध्ये मिळतं, रिकाम्या गाडीचं वजन आरसीवर असतं. दोन्हींतला फरक म्हणजे माणसं आणि सामान मिळून गाडी पेलेल तेवढं वजन.

समजा, छोट्या हॅचबॅकचे हे आकडे १,३४० आणि ९०० आहेत. हाती उरले ४४० किलो. सत्तर-सत्तर किलोची चार मोठी माणसं आणि तीस किलोचं एक मूल धरलं तर ३१० गेले. राहिले १३०. त्यात १८ किलोचं लोखंडी कॅरिअर, म्हणजे ११२. पाण्याचे वीस लिटरचे दोन जार घेतले की ७२ वर आलात. आता तंबू ७, स्लीपिंग बॅगा ९, मॅट ५, फोल्डिंग खुर्च्या-टेबल २१, शेगडी आणि भांडी १०, भरलेला आइसबॉक्स १२, कपड्यांच्या बॅगा २०. बेरीज ८४. सामान टपावर मावलं, पण गाडी बारा किलोनं जास्त भरली. इथे कॅरिअरचा उपयोग नाही. पाण्याचा एक जार घरी ठेवायचा, एवढंच पुरतं. तंबू आणि खुर्च्या तर भंडारदऱ्याच्या काठावर भाड्यानंही मिळतात.

सीएनजी गाडी असेल तर पेट्रोल मॉडेलचे आकडे वापरू नका. पोलादी टाकी, पाइप आणि ब्रॅकेट मिळून साधारण ८० ते १०० किलो वाढतात. बाहेरून किट बसवलं असेल तर ते वजन सरळ तुमच्या सामानातून कापलं जातं. शिवाय टाकीच्या व्हॉल्व्हवर किंवा पाइपवर सामान टेकता कामा नये, हे वेगळंच.

सात सीटची गाडी असेल तर आधी मागची रांग पाहा. अर्टिगाची डिकी तिन्ही रांगा उभ्या असताना २०९ लिटरची असते आणि तिसरी रांग पाडली की ५५० लिटरची होते. ट्रायबरमध्ये तिसऱ्या रांगेच्या सीट काढून ठेवल्या की ८४ लिटरची डिकी ६२५ लिटरची होते. चार-पाच जणच जाणार असतील तर टपाला हात लावायची गरजच नाही.

टपाची मर्यादा वेगळी असते

गाडीची एकूण क्षमता शिल्लक आहे म्हणून ती सगळी टपावर चालेल असं नाही. टपाचा आकडा मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो. बऱ्याच छोट्या गाड्यांत तो ५० किलोच्या आसपास असतो, काही मोठ्या गाड्यांत जास्त, आणि काही मॅन्युअल टपावर काहीही ठेवू नका असंच सांगतात. या ५० किलोंत कॅरिअरचं वजनही आलं. म्हणजे १८ किलोचं लोखंडी जाळीचं कॅरिअर लावल्यावर सामानाला उरतात ३२. ॲल्युमिनियमचे दोन आडवे बार आणि वर कापडी बॅग घेतली तर त्याच मर्यादेत जास्त सामान बसतं. दुकानदार मात्र "दोनशे किलो आरामात जातं" म्हणतो. ते त्याच्या कॅरिअरबद्दल खरं असेल, तुमच्या टपाबद्दल नाही.

टपावर दिसणारे रूफ रेल बऱ्याचदा निव्वळ शोभेचे असतात, क्लिपवर किंवा डबल टेपवर बसवलेले. त्यावर आडवे बार (क्रॉसबार) कसले की पहिल्या खड्ड्यातच खेळ कळतो. मॅन्युअलमध्ये रेलवरच्या वजनाचा उल्लेख नसेल तर ते शोभेचे आहेत असंच समजा.

बोलेरोसारख्या गाड्यांच्या टपाला पन्हाळीची कडा असते, तिथे जुन्या पद्धतीचं क्लॅम्पचं कॅरिअर नीट बसतं. नव्या गाड्यांना ती कडा नाही. त्यांची कॅरिअर दाराच्या चौकटीत हुक अडकवून कसतात. इथे दोन गोष्टी बिघडतात. हुकाखाली रबर नसेल तर रंग सोलतो आणि तिथून गंज धरतो. आणि हुक जाड असला की दाराचं रबरी बिडिंग दबतं, मग पावसात सीटवर पाणी ठिबकतं. हुक बसवल्यावर दार लावून चौकटीत कागदाची पट्टी धरा. ओढल्यावर ती सहज निसटली तर बिडिंग तिथे टेकत नाही. टपाला भोकं पाडून कॅरिअर बसवणाऱ्या मेकॅनिकला नमस्कार करून परत या.

गाडीत पडदा एअरबॅग असतील तर दारांतून आत घेऊन टप गुंडाळणारे पट्टे वापरू नका. त्या एअरबॅग छताच्या कडेतूनच उघडतात. सनरूफ असेल तर कॅरिअर असेपर्यंत ते बंदच ठेवा. आणि टणक बॉक्स घ्यायचा असेल तर पैसे देण्याआधी तो टपावर ठेवून डिकी पूर्ण उघडून पाहा. हॅचबॅकमध्ये डिकीचं दार बॉक्सच्या मागच्या टोकाला आपटतं, ही तक्रार नेहमीची.

वर काय, खाली काय

टपावर हलकं आणि फुगीर सामान जातं: स्लीपिंग बॅगा, मॅट, तंबूचं कापड, रिकाम्या सॅक. पाणी, शेगडी, डाळ-तांदूळ, बॅटरी खाली, आणि डिकीतही मागच्या सीटच्या पाठीला चिकटवून. डिकीच्या दाराजवळ जड सामान ठेवलं की गाडीचं नाक उचलतं आणि स्टिअरिंग हलकं लागतं. टपावर ठेवलं तर कसाऱ्याच्या वळणांवर गाडी झुकते आणि सरळ व्हायला वेळ घेते.

डिकीसाठी गिरणारे-पिंपळगावला टोमॅटो भरतात तीच प्लॅस्टिकची क्रेट घ्या. साधारण ५४ बाय ३६ बाय २९ सेंटिमीटरची, एकावर एक बसणारी आणि हवा खेळणारी. महागड्या ऑर्गनायझरपेक्षा टिकते. एका क्रेटमध्ये स्वयंपाकाचं सामान, दुसऱ्यात दिवे-दोऱ्या-खुंट्या. सीटच्या पाठीच्या उंचीवर काहीही रचू नका. पन्नासच्या वेगात धडक झाली तर पाच किलोचा सुटा डबा शंभर किलोहून जास्त जोरानं पुढे येतो, आणि पुढे मुलांची डोकी असतात.

स्टेपनी डिकीच्या तळाशी असेल तर वरचं सामान दोन मिनिटांत बाहेर काढता येईल असं रचा. जॅक आणि पाना सामानाच्या वर ठेवा. भंडारदऱ्याच्या वाटेवर बारी गावाच्या पुढे रात्री पंक्चर झालं की हे पटतं.

खाण्याचं सामान टपावरच्या कापडी बॅगेत नको. कसारा घाटात आणि सप्तशृंगी गडावर माकडांना चेन उघडावी लागत नाही, ती सरळ फाडतात. गॅसची डबी किंवा पाच किलोचा सिलिंडर उन्हात टपावर ठेवू नका, बंद गाडीत उन्हात सोडून जाऊ नका. सिलिंडर उभा ठेवायचा, रेग्युलेटर काढून, टोपी लावून. कॅनमध्ये पेट्रोल घेऊन जाण्याचा विचारही नको.

बांधणीत सगळ्यात जास्त चुका होतात

नायलॉनची दोरी ओली झाली की ताणली जाते. नाशिकमध्ये घट्ट मारलेली गाठ इगतपुरीच्या पावसात सैल पडते. हुकाचे रबरी लवचिक पट्टे तर बांधायला नाहीतच, फार तर ताडपत्रीची कड दाबायला वापरा. सामानासाठी २५ मिलिमीटर रुंदीचे बकलचे पट्टे घ्या, निदान चार. रॅचेटचे (दांडा हलवून दातांवर कसायचे) पट्टे चांगले, पण दातांवर दात चढवत बसू नका. त्यांची ताकद इतकी असते की कॅरिअरचा बार वाकतो, बॅगेतल्या वस्तू चिरडतात. पट्ट्यावर बोट दाबून जेमतेम सेंटिमीटरभर दबला की पुरे.

दोन पट्टे आडवे टाकून लोक थांबतात. आडवा पट्टा सामान खाली दाबतो, पुढे सरकणं तो फक्त घर्षणानं रोखतो. जोरात ब्रेक मारला की चाळीस किलोचा भार तीस किलोच्या आसपास जोरानं पुढे रेटतो आणि ओल्या ताडपत्रीवर घर्षण कुठलं? म्हणून दोन आडव्या पट्ट्यांबरोबर दोन पट्टे पुढून मागे, सामानाच्या नाकावरून वळसा घालून, कॅरिअरच्या मागच्या बाराला बांधा. पट्टा बॅगेच्या हँडलमधून ओवा. पट्टा कॅरिअरला बांधायचा, शोभेच्या रेलला किंवा दाराच्या हँडलला नाही.

ताडपत्री सामानावर टाकायची नसते, त्यात सामान गुंडाळायचं असतं. आधी कॅरिअरवर पसरा, सामान ठेवा, मग मागची कड पुढे, बाजूच्या कडा वर आणि सगळ्यात शेवटी पुढची कड मागे दुमडा. पुढची कड वर राहिली पाहिजे, म्हणजे वारा आणि पाऊस घडीत शिरत नाही. पातळ निळी ताडपत्री एका फेरीत चिरते, २०० जीएसएमच्या (चौरस मीटरला २०० ग्रॅम) पुढची घ्या. "वॉटरप्रूफ" कापडी बॅगेचं कापड पाणी अडवतं, चेन आणि शिवण नाही. चेन मागच्या बाजूला ठेवा आणि आतलं सगळं जाड काळ्या कचऱ्याच्या पिशव्यांत भरा.

घोटीला थांबा. नाशिकहून तीसेक किलोमीटर झालेले असतात आणि क्लॅम्प, पट्टे, सामान या सगळ्यांनी आपापली जागा घेतलेली असते. कॅरिअरचा बार हातानं धरून हलवा. गाडी हलली पाहिजे, कॅरिअर गाडीवर हलता कामा नये. सैल झालेला क्लॅम्प तिथेच कसा.

हवा, दिवे, वेग

टायरमध्ये बारा महिने तीच हवा भरण्याची सवय इथे नडते. ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो, मागच्या टायरचा बहुतेक वेळा जास्त. निघण्याआधी, टायर गार असताना भरा. परत आल्यावर कमी करायलाही विसरू नका.

डिकी भरली की हेडलाइट वर बघायला लागतात आणि समोरचे लोक अप्पर-डिप्पर करून जीव खातात. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला आकडे लिहिलेलं छोटं चाक असतं. शून्यावर दिवे सगळ्यात वर, आकडा वाढवला की खाली. भरलेल्या गाडीला कोणता आकडा ते मॅन्युअलमध्ये असतं.

समृद्धीवर मर्यादा १२० असली तरी टप भरलेला असताना ८०च्या पुढे जाऊ नका. उघड्या माळावर आडवा वारा लागला की फरक लगेच जाणवतो. कसारा उतरताना चढायला लागला असता तोच गिअर ठेवा, नुसत्या ब्रेकवर उतरू नका. निघण्याआधी टपावरच्या सामानासकट गाडीची उंची टेपनं मोजून कागदावर लिहा आणि डॅशबोर्डवर चिकटवा. दीड मीटरची गाडी सामानासह दोन मीटरच्या पुढे जाते आणि हॉटेलच्या तळघरातल्या पार्किंगचा आडवा पाइप कुणाची वाट बघत नाही.

पोलिसांनी अडवू नये म्हणून

सामान गाडीच्या अंगाबाहेर, बाजूला किंवा मागे, येता कामा नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ (१ए) मध्ये अशा लोंबत्या भारासाठी वीस हजार रुपयांचा दंड आहे. मागे सायकलचा रॅक लावला तर नंबर प्लेट आणि ब्रेक लाइट दिसले पाहिजेत. कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही. म्हणून भोकं पाडलेल्या कॅरिअरपेक्षा कंपनीच्या ॲक्सेसरीज यादीतलं, काढता-घालता येणारं कॅरिअर बरं. बिल गाडीतच ठेवा. मागे ओढायचा ट्रेलर म्हणजे वेगळी नोंदणी, त्या वाटेला जाऊ नका.

आवाजावरून दुखणं ओळखा

साठच्या पुढे घूं-घूं असा एकसुरी आवाज आला तर तो सपाट पट्ट्याचा आहे. पट्ट्याला बकलच्या आधी एकच पीळ द्या, बंद होतो. बारीक शिट्टी आली तर क्रॉसबारच्या टोकाची टोपी निघाली आहे, नाहीतर चौकोनी बारावरून वारा कापला जातोय. बारावर दोरीचे सुटे वेढे मारले तरी चालतं. खड्ड्यात ठक्-ठक् झालं तर क्लॅम्प सैल आहे, लगेच थांबा. ब्रेकवर वरून घसरल्याचा आवाज आला तर पुढून मागे जाणारे पट्टे नाहीत किंवा ढिले आहेत. स्पीडब्रेकरवर मागून खालचा भाग घासला तर टपाचा नाही, डिकीचा भार जास्त आहे. एक क्रेट मधल्या सीटच्या पायाशी हलवा. ड्रायव्हरच्या पायाशी मात्र बाटलीसुद्धा नको, ती ब्रेकखाली जाते.

घरी आल्यावर कॅरिअर काढून ठेवा. रिकामं कॅरिअरही वारा अडवतं आणि रोज कॉलेज रोडवर फिरताना त्याचं पेट्रोल तुम्ही भरता. क्लॅम्पखाली अडकलेली धूळ ओल्या फडक्यानं पुसा, कारण पुढच्या वेळी रंग घासते ती तीच. चारही क्लॅम्प कुठे बसले होते तिथे आतल्या चौकटीत मार्करनं खूण करून ठेवा, पुढच्या खेपेला बसवायला दहा मिनिटं लागतील.