पाकिटातली घट कशी ओळखावी

जळगाव असो वा धुळे, शेवभाजीसाठी तेल घेताना किमतीआधी वजन वाचावे. एक लिटर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरते. मात्र दिसायला तेवढ्याच असणाऱ्या पिशवीत कधी 840 ग्रॅमच असते. समजा, दोन्ही 140 रुपयांना असतील, तर किलोमागे दर 154 वरून 167 रुपयांवर जातो, आणि छापील किंमत तीच राहिल्याने ही वाढ गिऱ्हाइकाच्या ध्यानातही येत नाही, हे अन्यायाचे आहे.

म्हणून छापील किमतीजवळच बारीक अक्षरांत दिलेला प्रति ग्रॅम किंवा प्रति किलो दर शोधून त्यावरूनच तुलना करावी. जुने रिकामे पाकीट जपून ठेवल्यास घट पुराव्यासह दाखवता येते. छापलेल्यापेक्षा माल कमी भरल्यास 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.