टॅक्रोलिमसची लेव्हल: आधी वेळ विचारा, मग आकडा वाचा

नेफ्रोलॉजीत नव्याने ट्रान्सप्लांट ड्युटी लागलेल्यांसाठी. टी-सेल, एचएलए, क्रॉसमॅच तुम्हाला येतं असं धरतो. इंडक्शनला, म्हणजे ट्रान्सप्लांटच्या वेळच्या सुरुवातीच्या डोसला, बासिलिक्सिमॅब २० मिलीग्रॅम, शून्याव्या आणि चौथ्या दिवशी, रिजेक्शनचा धोका जास्त असेल तर एटीजी (अँटि-थायमोसाइट ग्लोब्युलिन). पुढे रिजेक्शन रोखणाऱ्या रोजच्या गोळ्या: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन. हे पाठ होतंच. माणूस फसतो तो टॅक्रोलिमसच्या लेव्हलपाशी.

लेव्हल म्हणजे ट्रफ, पुढच्या गोळीच्या अगदी आधीची रक्तातली सगळ्यात खालची पातळी. रात्री ९ ला गोळी घेतली तर रक्त सकाळी ९ ला, आणि सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर. सगळ्यांना माहीत असतं, तरी ओपीडीत घोळ होतोच. पेशंट पहाटेची एसटी पकडून येतो, सवयीने ८ ला गोळी घेतो आणि रांगेत साडेनऊला रक्त देतो. रिपोर्ट येतो १७ (नॅनोग्रॅम प्रति मिली). हा ट्रफ नाही, गोळीनंतर एक ते तीन तासांत चढणारा पीक आहे. तुम्ही घाबरून दोन्ही वेळचा डोस ३ वरून २ मिलीग्रॅमवर आणता. खरा ट्रफ ८ होता, तो आता पाचाच्या आसपास. दुसऱ्या महिन्यातल्या किडनीला, जिथे बहुतेक युनिट ८ ते १० धरून चालतात, तेवढं पुरत नाही. पुढच्या खेपेला क्रिएटिनिन १.२ चं १.७ झालेलं असतं आणि बायॉप्सीची वेळ येते.

म्हणून रिक्विझिशनवर दोन वेळा लिहा: शेवटची गोळी किती वाजता, रक्त किती वाजता. वेळ चुकली असेल तर त्या आकड्यावर डोस हलवू नका, दुसऱ्या दिवशी परत पाठवा. दिवसातून एकदाच घ्यायची एक्स्टेंडेड-रिलीज असेल तर ट्रफ २४ तासांचा. ट्यूब जांभळ्या टोपीची; औषध लाल पेशींत बसतं, सीरम चालत नाही. डोस बदलल्यावर दोन-तीन दिवस थांबा, रोज खेळत बसू नका.

आकडा खरंच हलला असेल तर कारण शोधा. फ्लुकोनॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिन, डिल्टियाझेम लेव्हल चढवतात. जुलाबही चढवतात, कारण औषध मोडणारं आतड्यातलं एन्झाइमच कमी पडतं. ‘जुलाब, म्हणजे औषध वाहून गेलं’ असं समजून डोस वाढवणारे पुष्कळ भेटतील. उलट रिफाम्पिसिन लेव्हल अक्षरशः पाडतं. टीबी आपल्याकडे रोजचाच, तेव्हा गावच्या डॉक्टरांनी एकेटी (टीबीची औषधं, त्यात रिफाम्पिसिन असतं) सुरू केली का हे विचाराच. त्याऐवजी लेव्हल तेवढी न पाडणाऱ्या रिफाब्युटिनवर नेण्याचा निर्णय सीनियरांशी बोलून घ्या. आणि ग्रेपफ्रूटने लेव्हल चढते म्हणून ते खाऊ नका हे सांगणं वाया जातं, ते आपल्याकडे खातं कोण? गणपतीच्या दिवसांत कोकणातल्या पेशंटला पपनसाबद्दल विचारा, ते ग्रेपफ्रूटच्याच नात्यातलं.

घाबरू नका, पहिल्या तीन महिन्यांत लेव्हल सगळ्यांचीच वरखाली होते. पण क्रिएटिनिन २०–२५ टक्के वाढलं तर ‘पाणी कमी प्यायले असतील’ म्हणून घरी पाठवू नका. लेव्हल, युरिन, सोनोग्राफी, बीके व्हायरस (नव्या किडनीला इजा करणारा), डीएसए (दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी), आणि उत्तर नाही मिळालं तर बायॉप्सी. हात कापतायत, पोटॅशियम वर आहे, तर टॅक्रोलिमस जास्त झाल्याची शंका आधी घ्या. बायॉप्सीआधीच मिथाइलप्रेडनिसोलोन ठोकणारे सीनियर असतात. त्यांच्यापेक्षा पॅथॉलॉजिस्टशेजारी बसून स्लाइड बघा. ग्रुपवर फिरणारे टार्गेटचे तक्ते फोनमधून काढून टाका, युनिटचा प्रोटोकॉल वापरा. गोळ्यांच्या वेळा शिकाव्यात त्या कोऑर्डिनेटर सिस्टरकडून. त्यांना कुठल्या पेशंटचा जावई गोळ्या आणतो इथपर्यंत माहिती असते.

‘गोळ्या कधी बंद होणार?’ हे प्रत्येक जण विचारतो. टॉलरन्स, म्हणजे औषधांशिवाय शरीराने नवा अवयव स्वीकारणं, ही काही कविकल्पना नाही. त्याच दात्याची बोन मॅरो किंवा रक्तातल्या स्टेम सेल देऊन मिक्स्ड कायमेरिझम (पेशंटच्या आणि दात्याच्या रक्तपेशी एकत्र नांदणं) आणायचं आणि औषधं थांबवायची, हे बोस्टनला आणि स्टॅनफर्डला ट्रायलमध्ये काही निवडक किडनी पेशंटमध्ये जमलं आहे. लिव्हरच्या निवडक पेशंटमध्ये देखरेखीखाली औषधं सुटतात. तुमच्या ओपीडीतल्या किडनी पेशंटला मात्र उत्तर ‘बंद नाही’ असंच, आणि ते पहिल्याच भेटीत. वर्षभर बरं चाललं की गोळ्या परस्पर कमी होतात, नवीन डीएसए तयार होतात, आणि अँटिबॉडीचं रिजेक्शन दुखत-खुपत नाही. क्रिएटिनिन हलेपर्यंत बरंच नुकसान झालेलं असतं. गोळ्यांची पिशवी टेबलावर ओतायला सांगा आणि उरलेल्या पट्ट्या मोजा.