राज्य न सोडता पगार वाढवायचाय? नर्स प्रॅक्टिशनर्सनो, या चुका टाळा

मुंबईत वॉर्डात घडलेल्या आम्हा सिस्टर लोकांची एक सवय असते. ड्यूटी चोख करायची, पगाराचं बघणारे बघतील. कॅलिफोर्नियात नर्स प्रॅक्टिशनर (पेशंट तपासून औषधं लिहून देणारी, जादा शिकलेली नर्स) झाल्यावरही ती सवय मी चार वर्षं सांभाळली. वार्षिक रिव्ह्यूला "पेशंट तुमच्यावर खूश आहेत" एवढं ऐकून घरी यायचे, आणि वाढ मिळायची ती घरभाड्याच्या वाढीलाही पुरायची नाही. दुसऱ्या राज्यात जायचा विचारही केला. पण सरासरी पगारात कॅलिफोर्निया आधीच अगदी वर आहे. म्हणजे खोट राज्यात नव्हती.

मेहनत सांगता, आकडा सांगत नाही

"मी उशिरापर्यंत थांबते, सुट्टीतही इनबॉक्स बघते" हे ऐकून मॅनेजर मान डोलावतो, बस्स. त्याच्यापुढे आरव्हीयूचा, म्हणजे कामाचं मोल मोजणाऱ्या एककांचा, कागद असतो. प्रत्येक व्हिजिटच्या बिलिंग कोडला ठरावीक वर्क आरव्हीयू मिळतात आणि तुम्ही क्लिनिकला किती कमावून दिलं ते त्यावरून मोजतात. जुन्या पेशंटच्या साध्या व्हिजिटचा कोड ९९२१३, त्याला १.३०; जरा गुंतागुंतीच्या व्हिजिटचा ९९२१४, त्याला १.९२.

आता माझंच उदाहरण घ्या. रक्तदाब आणि मधुमेह असलेले आजोबा. दोन्ही आटोक्यात, मी औषधं तपासून पुढे चालू ठेवली. "साधीच तर केस" म्हणून मी ९९२१३ टाकायचे. खरं तर दोन जुनाट आजार आणि औषधांचा निर्णय एवढ्यावर ती व्हिजिट ९९२१४ मध्ये बसते. फरक ०.६२ चा. दिवसाला अशा ६ व्हिजिट, वर्षाचे २२० दिवस, म्हणजे ८१८ आरव्हीयू हवेत गेले. करारात ठरलेल्या टप्प्यापुढे प्रत्येक आरव्हीयूला समजा ३० डॉलर बोनस असेल, तर हे साडेचोवीस हजार डॉलर झाले. नम्रपणाची एवढी किंमत!

याचा अर्थ दिसेल त्या व्हिजिटला वरचा कोड लावा असा नाही. नोंदीत आधार नसताना कोड चढवला तर तो सरळ फ्रॉड ठरतो, आणि लायसन्स तुमचं असतं. नोंद नीट लिहा. नंतर कोडिंगवाल्या बाईंबरोबर बसून आपल्याच २० नोंदी तपासून घ्या. मला यातून जेवढं शिकायला मिळालं तेवढं कुठल्या कोर्समधून मिळालं नाही.

काम तुमचं, नाव डॉक्टरांचं

१९९८ पासून मेडिकेअर (मुख्यतः ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) नर्स प्रॅक्टिशनरला थेट पैसे देतं, पण डॉक्टरांच्या दराच्या ८५ टक्के. तीच व्हिजिट 'इन्सिडेंट टू' नियमाखाली डॉक्टरांच्या नावावर गेली की १०० टक्के. क्लिनिकला ती वाट आवडणारच. मात्र त्यासाठी उपचाराचा आराखडा आधी डॉक्टरांनी आखलेला असावा लागतो, आणि त्या वेळी डॉक्टरांची थेट देखरेख असावी लागते. नवा पेशंट किंवा नवी तक्रार असेल तर ते चालत नाही. नियम पाळले जात असले तरी तुमचा तोटा वेगळाच आहे: वर्षअखेरीच्या रिपोर्टात ते काम डॉक्टरांच्या खात्यात दिसतं. म्हणून पेशंट प्रत्यक्ष कोणी पाहिला त्या नावाने काढलेला रिपोर्ट मागा आणि तोच घेऊन वाटाघाटीला बसा.

तासांचा हिशोब ठेवत नाही

कॅलिफोर्नियात एबी ८९० कायद्यामुळे २०२३ पासून नर्स प्रॅक्टिशनरला अधिक स्वतंत्रपणे काम करू देणाऱ्या १०३ आणि १०४ अशा दोन पायऱ्या आल्या. ३ वर्षं पूर्णवेळ किंवा ४,६०० तास प्रत्यक्ष रुग्णसेवा झाली की १०३ साठी अर्ज करता येतो. मग डॉक्टर असलेल्या क्लिनिकमध्ये किंवा हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांबरोबर लिहून ठरवलेल्या कार्यपद्धतींच्या चौकटीशिवाय काम करता येतं. त्यापुढे १०३ म्हणून आणखी ३ वर्षं काढली की १०४, म्हणजे स्वतःचं क्लिनिकही थाटता येतं. क्लिनिक नाही काढलं तरी पगाराच्या बोलणीत हा पत्ता हातात असलेला बरा.

अडतं ते सहीपाशी. माझ्या तासांची साक्ष देऊ शकणारे डॉक्टर निवृत्त होऊन मुलाकडे ओरेगनला गेले, आणि एका सहीसाठी मी पाच महिने फोन करत बसले. नोकरी सोडताना, किंवा डॉक्टर सोडून जाताना, त्याच आठवड्यात तासांचा कागद सही करून घ्या.

पगाराबद्दल बोलायची लाज

गणपतीच्या पॉटलकला आम्ही मोदकाच्या उकडीपासून मुलांच्या कॉलेजपर्यंत सगळं बोलतो. पगाराचा विषय निघाला की मात्र सगळ्या जणी ताटात बघतात. सहकाऱ्यांशी पगाराबद्दल बोललात म्हणून इथे मालक तुमच्यावर कारवाई करू शकत नाही, कायद्याचं तसं संरक्षण आहे. १ जानेवारी २०२३ पासून १५ किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकाला नोकरीच्या जाहिरातीत पगाराची श्रेणी द्यावी लागते. आणि आपल्या सध्याच्या पदाची श्रेणी तुम्ही मागितलीत तर तीही सांगावी लागते. मी एका ओळीचा ईमेल केला. उत्तर आलं तेव्हा कळलं की आपण श्रेणीच्या तळाला बसलोय, तेही सहा वर्षांच्या अनुभवानिशी. नवीन ठिकाणी "सध्या किती मिळतात?" असं विचारायलाही इथे बंदी आहे. विचारलंच तर तुमची अपेक्षा सांगा, जुना आकडा नको.

फक्त आकड्याकडे बघता

बे एरियातला (सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपासचा) पगार मोठा दिसतो, पण भाडं तो गिळतं. फ्रेस्नो, बेकर्सफील्डकडे, डॉक्टर-नर्सचा तुटवडा असल्याचं सरकारने जाहीर केलेल्या भागातल्या पात्र क्लिनिकमध्ये काम केलं तर नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअर या सरकारी योजनेकडून शिक्षणाच्या कर्जफेडीला हजारो डॉलरची मदत मिळू शकते. ना-नफा संस्थेत पूर्णवेळ असाल तर १२० पात्र हप्त्यांनंतर उरलेलं फेडरल विद्यार्थी कर्ज माफ होण्याची योजनाही आहे. डोक्यावर कर्ज असेल तर पगारवाढीच्या आधी हे हिशोब मांडा.

करारातली शेवटची पानं

मालप्रॅक्टिस विमा (उपचारातल्या चुकीच्या दाव्यांसाठीचा) 'क्लेम्स-मेड', म्हणजे विमा चालू असताना आलेल्या दाव्यांपुरताच असेल, तर नोकरी सोडल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठी 'टेल' ही वेगळी पॉलिसी लागते, आणि ती महाग असते. ती कोण भरणार हे सहीपूर्वी लिहून घ्या. माझ्या पहिल्या करारात त्याबद्दल एक अक्षर नव्हतं. ते मला कळलं राजीनामा दिल्यावर, आणि नव्या नोकरीच्या पहिल्या दोन महिन्यांचा वाढीव पगार त्यातच गेला.