एचएसटी क्विल्ट: तुकडे झाले, आता मांडायचे कसे?

हाफ स्क्वेअर ट्रँगल, म्हणजे एचएसटी, म्हणजे तिरका दुभागलेला चौकोन, अर्धा गडद अर्धा फिकट. असे तुकडे जोडून क्विल्ट, म्हणजे आपली गोधडीच, तयार होते. शिवायला सोपा आहे हो, खरी पंचाईत पुढे होते, ढीग घेऊन जमिनीवर बसायचं आणि दोन तास नुसते तुकडे फिरवत राहायचं. एक तुकडा चार प्रकारे ठेवता येतो, चार तुकडे घेतले की २५६ प्रकार होतात, त्यामुळे "बघू मांडता मांडता सुचेल" असं म्हणून बसू नका.

आपण बाळाचं दुपटं धरू, ४० बाय ४० इंच. तयार ६ इंची तुकडे, आडवे ६ उभे ६, एकूण ३६, आणि भोवती २ इंची काठ. त्यासाठी ७ इंचाचे १८ फिकट आणि १८ गडद चौकोन कापायचे, सुलट बाजू एकमेकींवर ठेवून मागे कर्णावर रेघ मारायची, रेघेच्या दोन्हीकडे पाव इंचावर शिवण घालायची, रेघेवर कापायचं, एका जोडीतून दोन तुकडे निघतात. पुस्तकी हिशोबात तयार मापाहून सात अष्टमांश इंच जास्त घेतात, मी सरळ एक इंच घेते आणि नंतर साडेसहावर छाटते. ४४ इंच पन्ह्यात एका पट्टीत ६ चौकोन बसतात, म्हणजे ३ पट्ट्या, २१ इंच कापड. धुतल्यावर आटतं म्हणून प्रत्येकी पाऊण मीटर आणा.

आता मांडणीआधीचं एक काम, आणि हे टाळलंत तर पुढचं सगळं वाया. सगळी कापडं शेजारी ठेवून मोबाईलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढा. लाल आणि हिरवं आपल्याला अगदी वेगळं दिसतं पण फोटोत बरेचदा दोन्ही एकच राखाडी होतं, आणि मग त्यातून कुठलाच आकार उठत नाही. त्रिकोणाची नक्षी रंगावर नाही, गडद-फिकटावर उभी असते.

मग मांडण्या. भिरभिरं सगळ्यांना आवडतं, चार तुकडे प्रत्येकी पाव फेरी फिरवून, आपल्या ३६ मध्ये ९ भिरभिरी बसतात. पण मधोमध आठ टोकं एका बिंदूत यायला हवीत आणि तिथे कापडाचा गोळा होतो, सुई अडते, त्यामुळे पहिलंच क्विल्ट असेल तर मी नको म्हणेन. त्याऐवजी तिरके पट्टे करा, सगळे कर्ण एकाच दिशेला ठेवून एक तुकडा जसाच्या तसा, शेजारचा अर्धी फेरी फिरवून, पुढच्या ओळीत सुरुवात फिरवलेल्याने. शेतातल्या सऱ्यांसारखं दिसतं, अमेरिकेतले क्विल्टवालेही याला 'स्ट्रेट फरोज' म्हणजे सरळ सऱ्याच म्हणतात. डोंगर हवे असतील तर दोन तुकडे जोडून गडद भाग खाली, ओळीमागून ओळ तशीच. आणि कर्ण तसेच ठेवून एक ओळ गडद खाली, पुढची गडद वर अशी लावली की डोंगर जाऊन नागमोडी पट्टे येतात. इतका छोटा बदल, पण दिसायला एकदम वेगळं.

माझी आवडती 'बार्न रेझिंग', त्याच सऱ्या पण चार कोपऱ्यांत आरशासारख्या, म्हणजे मधून शंकरपाळ्यात शंकरपाळी उमटत जाते. इथे ओळी आणि रांगा दोन्ही सम पाहिजेत, ७ बाय ७ केलंत तर मधली शंकरपाळी जुळतच नाही. शिवाय यात उरलेसुरले वीस प्रकारचे कापडाचे तुकडे चालतात, फक्त गडद ते गडद राहू दे. भिरभिऱ्याला मात्र दोन-तीनच कापडं घ्या, नाहीतर ते फिरताना दिसत नाही.

छाप बघा हं. हत्ती, मोर, उभ्या रेघांचं इकत असलं काही असेल तर फिरवल्यावर निम्मे हत्ती डोक्यावर उभे राहतात. खण सुंदर दिसतो पण उरेब कापला की दोरे सुटतात आणि कडा ताणली जाते, थोडी खळ लावून घ्या.

मांडून झालं की लगेच शिवू नका. पुन्हा फोटो काढा. मी एकदा ९ भिरभिरी जोडून, काठ लावून मोकळी झाले आणि फोटोत दिसलं की एक उलटं फिरतंय, उसवायला अख्खी दुपार गेली. फोटो ठीक वाटला की प्रत्येक ओळीच्या डाव्या तुकड्याला नंबराची चिठ्ठी टाचा आणि ओळी एकावर एक रचून मशीनकडे न्या. पहिल्या ओळीची माया उजवीकडे इस्त्री करा, दुसरीची डावीकडे, म्हणजे ओळी जोडताना शिवणी एकमेकींत अडकून बसतात आणि टोकं सरकत नाहीत.