नाताळचा फराळ करताना वचन कसं जोडायचं

डिसेंबर लागला की आपल्या घरांत करंज्या, शंकरपाळे, चकल्या, कुलकुल सगळं सुरू होतं, पण मुलांना विचारलं की नाताळला हे का करतो तर उत्तर येतं "सण आहे म्हणून", आणि मला ते फार लागायचं. म्हणून गेली काही वर्षं आम्ही फराळ करता करताच बायबलमधलं वचन, म्हणजे एखादी ओळ किंवा उतारा, वाचतो. कसं करतो ते सांगते.

आधी एक गोष्ट, प्रत्येक पदार्थाला ओढूनताणून अर्थ चिकटवू नका. करंजी बायबलमध्ये नाही. ती आपल्या मराठी घरातली, दिवाळीलाही होते, गोव्यात तिलाच नेवरी म्हणतात, आणि मुलांना तसं सरळ सांगायला काहीच हरकत नाही. उद्या मूल मोठं झालं आणि त्याला कळलं की आईने अर्थ स्वतःच्या मनाने लावला होता तर ते खऱ्या वचनावर पण शंका घेईल.

सुरुवात भाकरीपासून करा. हो, साधी ज्वारीची भाकरी, नाताळच्या जेवणात मटणाबरोबर असतेच की. बेथलेहेम या हिब्रू नावाचा अर्थच भाकरीचं घर. आणि त्या गावात जन्मलेल्या बाळाला ठेवलं कुठे तर गव्हाणीत (लूक 2:7), म्हणजे जिथे गुरांना वैरण टाकतात तिथे. शहरातल्या मुलांना गव्हाण माहीत नसते, ती आधी समजवा, जमलं तर गावाकडे नेऊन दाखवा. मग योहान 6:35 वाचा, येशू म्हणतो मीच जीवनाची भाकर आहे. आपल्या मराठी बायबलात भाकर हाच शब्द आहे आणि प्रभूच्या प्रार्थनेतही आपण रोजची भाकरच मागतो, त्यामुळे तव्यावर भाकरी फुगत असताना हे वाचलं की वेगळं समजावून सांगावं लागत नाही. मुलं थोडी मोठी असतील तर रूथची गोष्ट पण याच वेळी सांगा, ती याच बेथलेहेमात सातूच्या कापणीत मागे राहिलेली कणसं वेचत होती, परक्या देशातली विधवा, आणि मत्तयाच्या पहिल्या अध्यायात येशूच्या वंशावळीत तिचं नाव आहे.

वसईकडे फुगे करतात, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, त्यांचं पीठ रात्री भिजवून ठेवलं की मत्तय 13:33 वाचा, बाईने तीन मापं पिठात खमीर घातलं तो दाखला. सकाळी मुलांनाच झाकण काढू द्या.

केकचा सुकामेवा आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी रममध्ये भिजवा, नाताळच्या आधी चार रविवार असतात, दर रविवारी बरणी हलवायची आणि यशया 9 मधलं थोडं थोडं वाचायचं, वाट बघणं म्हणजे काय ते मुलांना त्या बरणीतून कळतं. ज्यांच्याकडे रम चालत नाही त्यांनी संत्र्याच्या रसात भिजवा पण तो महिनाभर टिकत नाही, फ्रिजमध्ये ठेवून एक-दोन दिवसांतच वापरा, अशा वेळी रविवारी नुसती मेणबत्ती लावून वाचा.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं, ताटं. नहेम्या 8:10 काढा. बंदिवासातून परत आलेले लोक नियमशास्त्र ऐकून रडायला लागलेत आणि त्यांना सांगितलं जातं की रडू नका, मिष्टान्न खा, गोड प्या, आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. फराळाची ताटं भरताना यापेक्षा जवळचं वचन मला तरी सापडलं नाही. पण ते नीट वाचा, ज्यांच्या घरी काही तयार नाही असं लिहिलंय आणि आपण मात्र ज्यांच्याकडून ताट येणार त्यांनाच आधी पाठवतो. म्हणून आमच्याकडे आता पहिलं ताट अशाच घरी जातं जिथे यंदा फराळ होणार नाही, कुणी वारलंय, कुणी दवाखान्यात आहे, कुणी म्हातारं एकटंच राहतं. ती नावं मुलांनी काढायची, आणि सारण करायच्या आधी काढायची म्हणजे त्या हिशोबाने खोबरं आणि रवा आणता येतो. उरलंसुरलं, तुटलेलं त्या ताटात घालू नका, चांगल्या करंज्या आधी तिथे!

हिंदू-मुसलमान शेजाऱ्यांच्या ताटात वचनाची चिठ्ठी घालावी का असं बरेच जण विचारतात. मी घालत नाही. दिवाळीचा चिवडा, ईदचा शीरखुर्मा त्यांनी आपल्याला प्रेमाने दिलेला असतो, आपणही तसंच द्यावं, आणि कुणी विचारलं की नाताळ म्हणजे नक्की काय तर मग बसून गव्हाणीची गोष्ट सांगावी.

पंचवीसला चर्चवरून आलं की सगळे भुकेलेले असतात, तेव्हा लांब वाचन नको. लूक 2 मधला मेंढपाळांचा भाग घरातल्या सगळ्यात लहान वाचता येणाऱ्या मुलाला वाचू द्या, एक छोटी प्रार्थना, त्यात ज्यांच्याकडे पहिलं ताट गेलं त्यांची नावं घ्या, आणि जेवायला वाढा.