कोल्ड्रिंकच्या लाइनवर तारखेचा कोड मारायचं काम, नवीन लागणाऱ्यांसाठी

आयटीआय झाल्यावर अंबड एमआयडीसीत एका कोल्ड्रिंकच्या प्लांटला लागलो आणि पहिल्याच पावसाळ्यात कोडिंग मशीन माझ्याकडे आलं. सीआयजे प्रिंटर, म्हणजे शाईचे बारीक थेंब उडवून चालत्या बाटलीवर तारीख, बॅच, एमआरपी मारणारा.

जुलैत प्रॉब्लेम सुरू झाला, स्क्रीनवर एकही अलार्म नाही आणि बाटलीवर बोट फिरवलं की तारीख गायब. मी दोन दिवस शाई बदलली, नोझल धुतलं, व्हिस्कॉसिटी (शाईचा घट्टपणा) बघितली, शेवटी आमच्या सिनिअर काकांनी विचारलं, अरे बाटलीला हात लावून बघितलास का? ओली होती! गॅस नीट विरघळावा म्हणून माल थंडच भरतात, आणि नाशकात पावसाळ्यात हवा दमट, मग बाटलीला घाम सुटणारच, त्या पाण्यावर शाई धरणार कशी. एअर नाइफ, म्हणजे हवेच्या झोताने बाटली कोरडी करणारा, प्रिंटरच्या हेडच्या (जिथून शाई उडते त्या भागाच्या) बरंच आधी लावलेला होता, तिथून येईपर्यंत बाटली परत ओली व्हायची. तो जवळ घेतला, पण झोत हेडवर येणार नाही असा, नाहीतर थेंबच भरकटतात. ओल्यावर धरणारी वेगळी शाईपण मिळते, तरी मी म्हणेन आधी बाटली कोरडी करा.

अक्षरं ताणलेली किंवा दबलेली आली तर प्रिंटरला हात लावायच्या आधी एन्कोडर (लाइनचा स्पीड मोजून प्रिंटरला सांगणारा) बघा, त्याचं चाक बेल्टवर घसरत असेल तर मशीनला लाइनचा खरा स्पीड कळतच नाही. अक्षरं वरखाली होत असतील तर गाइड रेल (बाटली सरळ ठेवणारी बाजूची पट्टी) ढिली असते बहुतेक.

मशीन कधीच मेन स्विचवरून बंद करू नका, स्टॉप द्या आणि त्याची सफाई पूर्ण होऊ द्या, नाहीतर नोझलमध्ये शाई वाळते आणि सकाळची शिफ्ट सुया घेऊन बसते (सुई तर घालूच नका, भोक केसाएवढं बारीक असतं, खराब झालं की हेडच गेलं). मेकअपमध्ये, म्हणजे शाई पातळ करायच्या द्रवात, बहुतेक ठिकाणी एमईके (मिथाइल इथाइल कीटोन) असतं, ते साध्या तापमानालाही पेटतं, ग्लोव्हज चष्मा घाला आणि ठिणगीचं काम लांब ठेवा.

आणि रात्री 12 ला तारीख आपोआप बदलते, बॅच बदलतेच असं नाही. आमच्याकडे आता प्रत्येक शिफ्टची पहिली बाटली मी हातात घेऊन मोठ्याने वाचतो, पॅकिंगच्या ताई प्लॅनच्या कागदावर टिक करतात, मगच लाइन सुटते.