ऑक्टोबर छाटणी झाली की सेन्सरच्या जागा मोजून घ्या

द्राक्षबागेत जमिनीच्या ओलाव्याचे किंवा पानांच्या ओलाव्याचे वायरलेस सेन्सर बसवले असतील, तर छाटणीनंतरचे हे दिवस हातचे जाऊ देऊ नका. मांडव मोकळा आहे, ओळ आरपार दिसते. पोंगे फुटून विस्तार वाढला, की नोड (सेन्सर आणि त्याचा वायरलेस संच) कुठे आहे हे शोधण्यातच अर्धा दिवस जातो.

बरेच जण मोबाइलवर लोकेशन घेतात आणि काम झालं समजतात. मोकळ्या आभाळाखालीही मोबाइलचं जीपीएस साधारण ५ मीटर इकडेतिकडे दाखवतं. ९ बाय ५ फुटांच्या लागवडीत दोन ओळींमधलं अंतर पावणेतीन मीटरच. म्हणजे नकाशावर नोड एकदोन ओळी पलीकडे दिसू शकतो. ती ओळ दुसऱ्या व्हॉल्व्हवर असेल, तर कोरडी एक आणि पाणी दुसरीला.

म्हणून ओळ आणि वेल मोजा. पहिल्या ओळीतला पहिला वेल शून्य धरला, तर १४ व्या ओळीतला २२ वा वेल आडवा ११७ फूट, उभा १०५ फूट. मेलेल्या वेलाची जागाही मोजायची. नांग्या (वेल मेल्याने रिकाम्या पडलेल्या जागा) सोडून मोजल्यामुळेच आकडे चुकतात, हे मी अनेक बागांत पाहिलं आहे.

काही यंत्रणा सिग्नलच्या जोरावरून नोडची जागा स्वतःच काढतात. त्यासाठी जागा पक्की ठाऊक असलेले निदान तीन नोड लागतात, आणि ते एका रेषेत नकोत. एकाच बांधावर तिन्ही लावले, तर चौथा बांधाच्या अलीकडे की पलीकडे हे यंत्राला कळत नाही. कोपऱ्यांचे खांब त्यासाठी उत्तम. पण या पद्धतीवर भर पानांत विसंबू नका. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने उतरतो. ओल्या पानांनी तेवढाच सिग्नल खाल्ला, तर २० मीटरवरचा नोड ४० मीटरवर भासतो. मोजणी आत्ताच, पानं नसताना करा.

पानांच्या ओलाव्याचा एक सेन्सर बागेच्या सखल, दव उशिरा सुकणाऱ्या भागात हवाच. डाऊनीची (केवडा रोगाची) सुरुवात बहुधा तिथूनच होते.

प्रत्येक नोडच्या डबीवर ओळ-वेल क्रमांक ऑइल पेंटने लिहा, तोच वहीत. फवारणीसाठी ट्रॅक्टर फिरवताना नोड हलवावा लागला, तर त्याच दिवशी जुना क्रमांक खोडून नवा लिहा, तारखेसह.